एकेचाळिसावी सही

"किल्ली अडायली," गफूरभाई म्हणाले. "आज पेटी का मिजाज ठीक नहीं."

कुणी हसलं नाही. गुरुवार होता, चार वाजून गेले होते आणि हॉटेल अंबरीच्या पॅन्ट्रीत आम्ही तीस-पस्तीस जण दाटीवाटीने उभे होतो. दुपारची जेवणं आटोपली होती. वेरूळला गेलेल्या बसेस परत यायला अजून तासभर होता. दर गुरुवारी याच वेळी टीपची पेटी उघडायची.

पेटी पत्र्याची, हिरव्या रंगाची, शाळेत दप्तर म्हणून नेतात तेवढी. किल्ली सर्वांत जुन्या माणसाकडे, म्हणजे चोवीस वर्षं वेटर असलेल्या गफूरभाईंकडे. नियम एकच आणि तो आमच्या सगळ्यांच्या आधीपासूनचा: हॉटेलात जे मिळेल ते पेटीत. टेबलावरची टीप, ट्रेमधली, खोली सोडताना पाहुण्यांनी उशीवर ठेवलेली, सगळी. धुलाईच्या कपड्यांच्या खिशात काही निघालं आणि धनी सापडला नाही, तर तेही पेटीत. आदल्या वर्षी असंच एक लॉटरीचं तिकीट निघालं होतं. एकेचाळीस जणांनी आठवडाभर सोडतीची वाट पाहिली आणि काहीही लागलं नाही.

वाटणी आण्यांत. वेटरांवर देखरेख करणारे कॅप्टन सोळा आणे, जुने वेटर चौदा, नवे दहा, खोल्या करणाऱ्या बायका सहा, भांडी घासणारे चार. मी कॅप्टन होतो. बी.कॉम. झालेला मी एकटाच, म्हणून संघटनेचा चिटणीसही मीच.

"किल्ली राहू द्या," मी म्हणालो. "आधी सह्यांचं बघू. चाळीस झाल्यात. एक राहिली."

सगळ्यांच्या माना रत्नमालाबाईंकडे वळल्या. रत्नमाला खिल्लारे दुसऱ्या मजल्याच्या खोल्या करायच्या. चाळिशीच्या आतबाहेर, सडपातळ, दोन मुलींची आई. नवरा पाच वर्षांपूर्वी गेलेला. फ्रिजला टेकून, हाताची घडी घालून त्या उभ्या होत्या.

"मी कालच सांगितलंय, मगरे दादा," त्या म्हणाल्या. "मी सही करणार नाही."

"खिल्लारेबाईंना सरकारला दान करायचंय," पिराजी म्हणाला. पिराजी ढोले चौदा आण्यांचा वेटर. कुठल्याही गोष्टीची थट्टा करायचा.

"दान करायला तू आहेस ना. मला कागदावर यायचंय. सात वर्षं झाली राबायले, आन् कागदावर मी चौतीसशेचीच बाई आहे."

प्रकरण असं होतं. त्या हिवाळ्यात परदेशी पाहुणे टीपसुद्धा कार्डावर टाकायला लागले होते. ते पैसे आधी हॉटेलच्या खात्यात जायचे, मग कॅशियर तेवढी रोकड आमच्या पेटीत टाकायचा. मुंबईच्या ऑफिसातल्या ऑडिटरने त्यावर बोट ठेवलं. म्हणाला, हॉटेलच्या खात्यातून जातंय तर तो पगार झाला. पगारपत्रकात धरा, कर कापा. नाहीतर सर्व कामगारांकडून लिहून घ्या, की टीप हा पगार नाही. सर्व म्हणजे सर्व. आमचे मॅनेजर सरंजामे यांनी मला बोलावून सांगितलं, "मगरे, एकेचाळीस म्हणजे एकेचाळीस. चाळीस सह्यांचा कागद मी मुंबईला पाठवणार नाही. शुक्रवारी बारा वाजेपर्यंत."

निवेदन मीच लिहिलं. तीन वेळा लिहिलं आणि तिसऱ्यांदा जमलं: "टीप ही पाहुण्याने आपल्या खुशीने दिलेली बक्षिसी असून, तिचा हॉटेलशी अथवा आमच्या पगाराशी कोणत्याही प्रकारे संबंध नाही." वाचून दाखवलं तेव्हा पॅन्ट्रीत टाळ्या पडल्या होत्या.

रत्नमालाबाईंची अडचण सगळ्यांना ठाऊक होती. नक्षत्रवाडीच्या पुढे एका योजनेत एका खोलीचं घर त्यांना सोडतीत लागलं होतं. पहिला हप्ता त्यांनी पै-पै करून भरला होता. उरलेल्या रकमेसाठी बँकेला महिना पाच हजारांचा पगार दिसायला हवा होता. पगार चौतीसशे, पेटीतून सरासरी सतराशे. बेरीज पाच हजार शंभर. पण त्यातले सतराशे कुठल्याच कागदावर नव्हते. ते पगारपत्रकात आले तर घर होतं. पुढच्या बुधवारपर्यंत बँकेचं पत्र दिलं नाही, तर घर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं.

"बाई, एकटीसाठी चाळीस जणांच्या तोंडचा घास घेणार का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"घास कोण घ्यायलंय? मी माझं ताट मागायले."

गफूरभाईंनी किल्ली कुलपातून काढली, गोडेतेलाच्या बाटलीत टोक बुडवलं आणि पुन्हा लावली. कुलूप उघडलं. "झगडा नको," ते म्हणाले. "ह्या बाईने ती जपानी नोट पेटीत टाकली होती, भूल गये क्या?"

कुणी विसरलेलं नव्हतं. वर्षभरापूर्वी दोनशे चौदा नंबरच्या खोलीत उशीवर पाच हजार येनची नोट ठेवलेली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. रत्नमालाबाईंनी ती खाली आणून माझ्या हातात दिली. बाजारात तिचे दोन हजारांच्या आसपास आले. आण्याच्या हिशेबाने त्यांच्या स्वतःच्या वाट्याला एकोणतीस रुपये.

वाटणी झाली. सहा आणे घेऊन त्या निघून गेल्या. पिराजी माझ्या कानाशी आला. "कॅप्टन, उद्या बारापर्यंत काही करा. तुमचं शिक्षण कामाला येऊ द्या."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोनदा उठून पाणी प्यालो. हँगरला लावलेल्या युनिफॉर्मच्या शर्टाच्या खिशात चौपदरी घडी केलेला एक कागद होता. आठवड्यापूर्वी सगळ्यांची नावं लिहून त्यावर मी हिशेब केला होता. मी तो काढला, वाचला, परत ठेवला. पहाटे पुन्हा काढला. आकडे तेच होते.

शुक्रवारी साडेदहाला मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. दोनशे चौदाचं दार उघडं होतं. दारात ढकलगाडी, तिच्यावर टॉवेल, साबणाच्या वड्या, पाण्याच्या बाटल्या. रत्नमालाबाई पलंगाची चादर बदलत होत्या.

"काय बघायलात?" त्या म्हणाल्या. "आलात तर ते टोक धरा. आज सुमन आलेली नाही. सोळा खोल्या मला एकटीला."

मी टोक धरलं. चादर हवेत फुगून पलंगावर बसली.

"ओढा. नीट ओढा, दादा. सळ राहिला तर सुपरवायझर रुपया ठेवून बघते, उडतो का नाही ते."

"रुपया उडतो?"

"कुठला उडायलाय! पण बघते."

मी ओढली. त्यांनी कोपरा उचलून लिफाफ्यासारखी घडी घातली आणि गादीखाली दाबली. मग माझ्या बाजूला येऊन मी घातलेली घडी सोडली आणि पुन्हा घातली.

"बाई, बारा वाजता कागद द्यायचाय."

"ठाऊक आहे."

"तुमच्या एकटीमुळे सगळ्यांच्या टीपवर कर कापायला लागतील. कायमचा. एकदा पगारपत्रकात गेलं की परत येत नाही."

त्यांनी उशीचा अभ्रा उलटा केला, हात आत घालून उशीचे दोन कान पकडले. "मला एकच सांगा. तुम्ही हिशेबाचं शिकलेले. पगारपत्रकात आलं तर माझे किती कापतील?"

खाली अंगणात बस सुरू झाली होती. गाइड कुणाला तरी मोठ्याने हाका मारत होता. माझा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"सगळ्यांचेच कापणार," मी म्हणालो.

"माझे किती?"

"सहाशे... सातशेपर्यंत धरा."

"महिन्याला?"

"महिन्याला."

अभ्रा अर्धवट चढवलेली उशी छातीशी धरून त्या पलंगाच्या कडेला बसल्या. पाहुण्यांच्या पलंगावर बसायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम. नव्या मुलींना त्या त्यावरून ओरडायच्या.

"सातशे," त्या म्हणाल्या. "मग हप्ता कुठून भरू? घर घ्यायचं आन् पोरींची शाळा सोडवायची?"

"तेच मी सांगतोय."

"मग घराचं काय?"

"साहेबांकडून पत्र आणून देतो. पगार अधिक टीप, महिना पाच हजार शंभर, असं हॉटेलच्या कागदावर. बँकेला पत्रच लागतं. मी बोलतो त्यांच्याशी."

"देतील?"

"माझ्या शब्दाला नाही म्हणणार नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला घड्याळ बघावंसं वाटत होतं, पण मी बघितलं नाही.

"ती नोट मी तुमच्याच हातात दिली होती," त्या म्हणाल्या. "खाली पिराजी होता, कॅशियर होता. पण म्हटलं, मगरे दादाकडे द्यावी."

"माहीत आहे, बाई."

"द्या कागद."

त्यांनी टेलिफोनजवळची हॉटेलची पेन्सिल उचलली. मी म्हणालो, पेन्सिल चालत नाही, आणि माझं पेन पुढे केलं. ढकलगाडीवरच्या टॉवेलांच्या थप्पीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. प्रत्येक अक्षर सुटं, शेवटच्या ला-खाली एक छोटी रेघ. मग उठून, जिथे बसल्या होत्या तिथली चादर पुन्हा ओढून घेतली.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना मी सरंजामे साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी सह्या बोटाने मोजल्या. दोनदा.

"शाब्बास, मगरे. मुंबईला आजच फॅक्स करतो."

"साहेब, एक विनंती होती. खिल्लारेबाईंना बँकेसाठी पत्र हवंय. पगार आणि टीप धरून पाच हजार शंभर असं."

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हे वाक्य कुणाचं आहे?" कागद माझ्याकडे फिरवून ते म्हणाले. "'हॉटेलशी अथवा आमच्या पगाराशी कोणत्याही प्रकारे संबंध नाही.' छान लिहिलंय. मसुदा दाखवला तेव्हा हॉटेलच्या वकिलानेही बदल सुचवला नाही. आता ज्याच्याशी हॉटेलचा संबंध नाही, ते मी हॉटेलच्या कागदावर कसं लिहून देऊ?"

"फक्त बँकेसाठी, साहेब."

"खाली खिल्लारेबाईंचीच सही आहे, मगरे. आजच्या तारखेची."

त्यांनी बेल दाबली आणि क्लार्कला पगाराचा दाखला टाइप करायला सांगितलं. पाच मिनिटांत तो माझ्या हातात होता. मासिक वेतन रुपये तीन हजार चारशे फक्त.

कागद अजून टेबलावरच होता. फॅक्स मशीन बाहेरच्या खोलीत होतं. हात पुढे करून तो परत मागता आला असता. हे मला आज, बावीस वर्षांनी सुचलेलं नाही. तेव्हाही सुचलं होतं.

दाखला मी पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि शनिवारी सुमनच्या हाती वर पाठवून दिलं. स्वतः गेलो नाही. रविवारी दुसऱ्या मजल्यावरची ऑर्डर आली तेव्हा पिराजीला पाठवलं. सोमवारी रत्नमालाबाई कँटीनच्या दारात दिसल्या आणि मी मागच्या जिन्याने गेलो. मंगळवारी कोठीघरात मी दोनदा काटे-चमचे मोजले आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. दुपारी परत आल्या आणि कपडे बदलून थेट धुलाईच्या खोलीत गेल्या. बुधवार हा आमचे युनिफॉर्म मोजून धुवायला टाकायचा दिवस. मोजणी दुसऱ्या मजल्याच्या बायकांकडे असायची.

"बँकेनं नाही म्हटलं," सुमनने मला संध्याकाळी सांगितलं. "घर गेलं मावशीचं. रडली नाही पण. पोरींना काय सांगू, एवढंच म्हणली."

त्या रात्री मी हँगरकडे पाहिलं. तिथे नवा शर्ट होता. जुना सकाळीच धुलाईला गेला होता. मी कपाट उघडलं, पँटचे खिसे पाहिले, गादी उचलून पाहिली. कागद कुठेच नव्हता.

गुरुवारी चार वाजता पॅन्ट्री भरलेली होती. सगळे खुशीत होते. मुंबईहून फॅक्स आला होता: निवेदन मान्य. पिराजीने कुठून तरी बर्फी आणली होती. रत्नमालाबाई फ्रिजला टेकून उभ्या होत्या, गेल्या गुरुवारी होत्या तिथेच. बर्फीचा तुकडा त्यांनी घेतला आणि हातातच ठेवला.

कुलूप एका फेरीत उघडलं. गफूरभाईंनी पेटी टेबलावर पालथी केली. दहाच्या, पन्नासच्या, शंभराच्या नोटा, दोन डॉलर, काही युरो. आणि चौपदरी घडी केलेला एक कागद.

"ये क्या?" गफूरभाईंनी घडी उघडली, कागद लांब धरला. छापील मराठी ते वाचायचे, हाताचं लिहिलेलं त्यांना लागत नसे. "नावं दिसतात सगळ्यांची. मगरे, वाच तो जरा. पेटीत निघालं ते सगळ्यांसमोर."

मी कागद घेतला. एकेचाळीस नावं. नऊ नावांपुढे आकडे होते. माझ्या नावापुढे सातशे वीस, इतर दोन कॅप्टनांच्या पुढे थोडे कमी, पिराजी तीनशे चाळीस, गफूरभाई तीनशे दहा. खाली बत्तीस नावांपुढे शून्य. इतकी कमाई नव्हतीच त्यांची, की आयकर लागावा. एकोणतिसावं नाव, खिल्लारे रत्नमाला: शून्य. तळाशी कोपऱ्यात मी राज्याच्या व्यवसाय कराचाही हिशेब केला होता. खोल्यांच्या बायका, जास्तीत जास्त वाढ महिना पंचावन्न रुपये.

"काय आहे, कॅप्टन?" पिराजी वाकला. मी कागद छातीशी घेतला.

पस्तीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्यातल्या सत्तावीस-अठ्ठावीस जणांच्या नावापुढे शून्य होतं आणि त्यांनाही मी हेच सांगितलं होतं. सगळ्यांचे कापणार.

"धुलाईची यादी आहे," मी म्हणालो. "जुनी. युनिफॉर्मची."

"धुलाईची यादी पेटीत कुणी टाकली?" गफूरभाईंनी विचारलं.

"मी टाकली, चाचा," रत्नमालाबाई म्हणाल्या. "शर्टाच्या खिशात निघाली. नियम आहे म्हणून टाकली."

"अरे, कागदाचा काय नियम? पैशाचा नियम!"

"लॉटरीचं तिकीट टाकलं होतं की."

हशा झाला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या, रागावलेल्याही दिसत नव्हत्या. वाट बघत होत्या. मी पुन्हा तोंड उघडावं म्हणून त्यांनी वेळ दिला, चांगला वेळ दिला. मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"करा वाटणी," त्या गफूरभाईंना म्हणाल्या. "वर खोल्या पडल्यात."

वाटणी झाली. त्यांच्या सहा आण्यांचे चारशे वीस रुपये झाले. त्यांनी ते टेबलाशी उभं राहूनच मोजले. मग त्यातली दहाची एक नोट काढून, सरळ करून माझ्या पुढ्यात ठेवली. पाहुणे बशीत ठेवतात तशी, बोटाने थोडी पुढे सरकवून.

"हे काय, बाई?"

"टीप," त्या म्हणाल्या. "माझं काम केलंत ना, दादा. बँकेचं. ह्याच्यावर काही कापत नाहीत ना आता?"

पॅन्ट्री हसून फुटली. पिराजीने ताट वाजवलं. "कॅप्टनला टीप! बाईंनी कॅप्टनला टीप दिली!"

त्यांनी हातातली बर्फी सुमनला दिली, पदर खोचला आणि मागच्या जिन्याने वर गेल्या.

नोट माझ्यासमोर होती. उचलावी की राहू द्यावी, मला कळेना. गफूरभाई हसत हसतच रिकामी पेटी घेऊन माझ्यापाशी आले आणि झाकण उघडं धरलं.

"चल, मगरे," ते म्हणाले. "टीप मिली ना? पेटीत टाक. तुझ्यासाठी अलग नियम आहे का?"

मी नोट उचलली आणि पेटीत टाकली. त्यांनी झाकण लावलं, किल्ली फिरवली. किल्ली आता अजिबात अडत नव्हती.